जपानी भाषेच्या अध्ययनासाठी इलेक्ट्रॉनिक कोश व अभ्याससाधनांची निवड : मराठी अध्येत्याच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रास्ताविक

मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गाचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा सुमारे २१ किलोमीटरचा टप्पा भुयारातून जातो आणि त्यासाठी जमिनीत उतरवलेल्या शाफ्टांपैकी एक विक्रोळीत आहे. जपानच्या अर्थसाहाय्याने व तंत्रज्ञानाने उभ्या राहणाऱ्या या प्रकल्पामुळे विक्रोळी आणि जपान यांचा संबंध अक्षरशः जमिनीखालून जोडला गेला आहे. परंतु जपानी भाषेच्या अध्यापनाच्या दृष्टीने त्याहून अधिक महत्त्वाची घटना वेगळी आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात ‘विनिर्दिष्ट कुशल कामगार’ योजनेसंबंधी सहकार्याचा करार झाला. शुश्रूषा, बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया, वाहनदुरुस्ती यांसारख्या क्षेत्रांत जपानमध्ये काम करू इच्छिणाऱ्या उमेदवाराला जपानी भाषा प्राविण्य परीक्षेची एन-४ पातळी अथवा जपान फाउंडेशनची मूलभूत भाषापरीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते.

यामुळे जपानी शिकणाऱ्याची सामाजिक ओळख बदलू लागली आहे. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि मुंबईतील जुन्या शिकवणी-संस्था यांतून पूर्वी बाहेर पडणारा विद्यार्थी बहुधा अभियंता, अनुवादक अथवा माहिती-तंत्रज्ञान कंपनीतील कर्मचारी असे. इंग्रजी त्याच्या हाताशी असे. आता कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइट यांसारख्या वसाहतींतील मराठी माध्यमात शिकलेला, कनिष्ठ महाविद्यालय किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्था पूर्ण केलेला तरुणही या भाषेकडे वळू शकतो. त्याच्या हाती दिली जाणारी साधने मात्र पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून बनलेली आहेत. किंबहुना त्यांतील बरीचशी त्यालाही समोर ठेवून बनलेली नाहीत.

महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी अथवा भाषा-प्रयोगशाळेसाठी अशी साधने निवडताना सामान्यतः शब्दसंख्या, किंमत आणि समाविष्ट कोशांची यादी हे निकष पाहिले जातात. हे निकष मराठी अध्येत्याच्या बाबतीत अपुरे आणि काही वेळा दिशाभूल करणारे आहेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. साधनातून अध्येता कोणत्या भाषेच्या वाटेने जपानीपर्यंत पोहोचतो, हा खरा निकष होय.

यंत्र कोणासाठी बनले?

लिपी आणि यंत्र यांचा झगडा विक्रोळीला अपरिचित नाही. येथील गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टंकलेखक बाजारात आणला आणि पुढे देवनागरी प्रतिमानेही काढली. जोडाक्षरे मोडून, अर्धी अक्षरे वेगळी करून देवनागरी त्या चाळीस-पंचेचाळीस कळांत कशीबशी बसवली गेली. जपानीला तेवढीही सोय नव्हती. १९१५ मध्ये सुगिमोतो क्योता यांनी तयार केलेल्या जपानी टंकलेखकात दोन हजारांहून अधिक खिळ्यांचा ताटवा होता आणि त्यातून एकेक अक्षर शोधून उचलावे लागे. कानातून कांजीत रूपांतर करणारा तोशिबाचा शब्दसंस्कारक १९७८ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ६३ लाख येन होती. पुढच्याच वर्षी शार्प कंपनीने खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक कोश विक्रीस आणला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, जपानमधील इलेक्ट्रॉनिक कोश हे जपानी माणसाच्या गरजेतून जन्मले. ती गरज मुख्यतः इंग्रजी वाचण्याची होती. कॅसिओचा ‘एक्स-वर्ड’, शार्पचा ‘ब्रेन’, सेइको इन्स्ट्रुमेंट्सची यंत्रे ही सर्व जपानी शाळकरी मुले, विद्यापीठीय विद्यार्थी आणि नोकरदार यांच्यासाठी होती. सेइको इन्स्ट्रुमेंट्सने २०१५ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले. स्मार्टफोनने या यंत्रांची बाजारपेठ आक्रसून टाकली असली, तरी त्यांतील कोशसामग्री तीच आज भ्रमणध्वनीवरील उपयोजनांच्या रूपाने विकली जाते. त्यामुळे जुन्या यंत्रांची चिकित्सा निरर्थक ठरत नाही.

अशा यंत्राची किंमत साधारणतः २० ते ४० हजार येनच्या दरम्यान असते आणि त्यात शंभरावर कोश भरलेले असतात. यादी पाहून ग्रंथपाल प्रभावित होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यातील ‘कोजिएन’ हा इवानामी प्रकाशनाचा प्रतिष्ठित कोश उदाहरणादाखल घ्यावा. १९५५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कोशाच्या २०१८ च्या सातव्या आवृत्तीत सुमारे अडीच लाख नोंदी आहेत. हा कोश शब्दाचे अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतो. म्हणजे सर्वांत जुना अर्थ प्रथम आणि आज रूढ असलेला अर्थ नंतर. सान्सेइदो प्रकाशनाचा ‘दाइजिरिन’ मात्र आजचा अर्थ आधी देतो. जपानी वाचकाला हा फरक ठाऊक असतो. एन-४ च्या तयारीतील विद्यार्थी पहिला अर्थ उतरवून घेतो, आणि तो अर्थ कित्येक शतकांपूर्वीच्या दरबारी गद्यातला असू शकतो. प्रतिष्ठित कोश वाईट नाही. तो चुकीच्या हाती पडलेला असतो, एवढेच.

दुसरी अडचण उदाहरणांची आहे. केन्क्युशाचा जपानी–इंग्रजी बृहत्कोश (पाचवी आवृत्ती, २००३) हा उदाहरणवाक्यांचा खजिना होय. तथापि जपानी वाचकाला इंग्रजीत कसे लिहावे हे सांगण्यासाठी ती वाक्ये रचलेली असल्यामुळे त्यांतील कांजीवर बहुधा कानातील उच्चार दिलेला नसतो. शिकाऊ विद्यार्थ्याला उदाहरण समजून घेण्यासाठी आणखी चार शब्द शोधावे लागतात, आणि त्या चारांसाठी आणखी. यंत्रातील ‘उडी’ची सोय, म्हणजे एका नोंदीतील शब्दावर ठेवून दुसऱ्या कोशात जाणे, ही येथे उपकारक ठरते. परंतु उड्या मारता मारता मूळ वाक्य विसरले जाते, हाही अध्यापकांच्या ओळखीचाच अनुभव आहे. कॅननच्या ‘वर्डटँक’ मालिकेतील काही प्रतिमानांत सूचना इंग्रजीत मिळण्याची सोय होती, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांत ती लोकप्रिय झाली. मात्र सूचनांची भाषा बदलल्याने कोशाची भाषा बदलत नाही.

कांजी शोधण्याच्या बाबतीत मात्र यंत्राने केलेली क्रांती निःसंशय मान्य करावी लागते. छापील कोशात अनोळखी कांजी शोधायची तर परंपरागत २१४ मूलघटकांपैकी नेमका घटक ओळखावा लागे, मग रेघा मोजाव्या लागत. जॅक हाल्पर्न यांनी कांजीच्या आकाराची विभागणी करून शोधण्याची सोपी रीत आपल्या कोशांत वापरली, हा मधला टप्पा होय. लेखणीने पडद्यावर कांजी काढून शोधण्याची सोय इलेक्ट्रॉनिक कोशांत आली आणि २००६ मध्ये निन्तेन्दो डीएस या खेळयंत्रासाठी निघालेल्या ‘कांजि सोनोमामा राकुबिकि जितेन’ने ती स्वस्त केली. आज साध्या स्मार्टफोनवरही ती उपलब्ध आहे. तेव्हा केवळ कांजी शोधण्यासाठी महागडे यंत्र घेण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

वर्णमालेचा विसरलेला दुवा

जपानी कोशांतील शब्दक्रम ‘गोजुओन’ म्हणजे पन्नास ध्वनींच्या तक्त्यानुसार असतो : आ, इ, उ, ए, ओ; नंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध धर्मासोबत जपानमध्ये पोहोचलेल्या सिद्धम् लिपीच्या व संस्कृत वर्णव्यवस्थेच्या अभ्यासातून हा क्रम घडला, हे सर्वमान्य आहे. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत आणि मग अंतःस्थ, हा क्रम प्राथमिक शाळेत बाराखडी घोकलेल्या कोणत्याही मराठी मुलाला पाठ असतो. ‘सा’ ही ओळ च-वर्गाच्या जागी आणि ‘हा’ ही ओळ प-वर्गाच्या जागी का येते, याचेही उत्तर त्या ध्वनींच्या प्राचीन उच्चारात आहे. आजचा ‘हा’ एकेकाळी ‘पा’ होता.

रोमन लिपीतून शब्द टंकित करून शोधण्याची सवय लावणारी साधने हा दुवा पुसून टाकतात. मराठी विद्यार्थ्याला जे फुकटात मिळू शकले असते ते त्याला रोमन अक्षरांच्या वळणाने, तेही इंग्रजी उच्चारांच्या सावलीत, नव्याने कमवावे लागते. या बाबतीत कानातून टंकन करणारी साधने निश्चितच श्रेयस्कर होत.

मग देवनागरी लिप्यंतर हा उपाय ठरेल काय? त्याचे उत्तर सरळ नाही. मराठीतील ‘च’ इ-कारापूर्वी तालव्य असतो (चिमणी), तर अन्यत्र पुष्कळदा दंततालव्य असतो (चाक, चुना). जपानीतही ‘त’ची ओळ इ-कारापाशी ‘चि’ होते आणि उ-कारापाशी ‘त्सु’. हा योगायोग मराठी कानाला अनुकूल आहे. हिंदीभाषक विद्यार्थ्याला ‘त्सु’ साधण्यासाठी जे कष्ट पडतात ते ‘चुना’ म्हणणाऱ्याला पडू नयेत. परंतु लिप्यंतरात जपानी ‘च्यु’ हा ध्वनी हिंदी वळणाने ‘चु’ असा लिहिला, तर मराठी वाचक तो ‘चुना’तल्यासारखा वाचतो आणि दोन भिन्न जपानी अक्षरे एक होऊन बसतात. हिंदीसाठी केलेली देवनागरी सामग्री मराठीला तशीच चालेल, असे गृहीत धरणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

स्वरदैर्घ्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. जपानी ‘आ’ विवृत असल्याने देवनागरीत तो ‘का’, ‘सा’ असाच लिहावा लागतो. मग दीर्घ ‘आ’साठी चिन्हच उरत नाही. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. भेद केवळ एका मात्रेचा. अवग्रहाचा संकेत आधी ठरवल्याशिवाय हा भेद दाखवता येत नाही. ‘शुजिन’ आणि ‘शूजिन’ यांचे लेखन देवनागरीत वेगळे दिसते खरे, पण मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद क्षीण झालेला आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ पती किंवा यजमान, दुसऱ्याचा बंदिवान. वर्गात हशा पिकवणारी ही जोडी परीक्षेतील श्रवणविभागात गुण घालवते. ध्वनिमुद्रित उच्चार नसलेले कोणतेही साधन प्रारंभिक अवस्थेत घेऊ नये, हे यावरून स्पष्ट व्हावे. आरोह-अवरोहाच्या आघातासाठी तर मराठीचा काहीच उपयोग नाही. तेथे टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेला ‘ओजाद’ हा विनामूल्य आघातकोश बहुतेक महागड्या यंत्रांपेक्षा उपयुक्त आहे.

इंग्रजीचा वळसा

या चिकित्सेचा गाभा मात्र अर्थाच्या पातळीवर आहे. कोशात ‘सुकि’ या शब्दापुढे इंग्रजी क्रियापद येते. ‘वाकारु’पुढे ‘समजणे’ या अर्थाचे सकर्मक इंग्रजी क्रियापद, ‘होशी’पुढे ‘इच्छिणे’. इंग्रजीत कर्ता प्रथमेत आणि आवडणारी वस्तू कर्म. विद्यार्थी त्या साच्यात जपानी वाक्य घडवतो आणि वस्तूला कर्माचा ‘ओ’ हा प्रत्यय लावतो. ही चूक जगभरच्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांत इतकी रुळलेली आहे की, पाठ्यपुस्तके तिच्यासाठी स्वतंत्र टीप देतात. जपानीत येथे ‘गा’ येतो, कारण आवडणारी वस्तू ही तेथे कर्म नसते. मराठी विद्यार्थ्याला ही टीप लागण्याचे कारणच नाही. ‘मला सुशी आवडते’ या वाक्यात सुशी प्रथमेत आहे, क्रियापद तिच्याशी जुळते, आणि अनुभव घेणारा ‘मला’ असा बाजूला उभा आहे. ‘मला कळत नाही’, ‘मला पाणी हवे’, ‘मला पोहता येते’, ‘माझे डोके दुखते’ ही सारी वाक्ये जपानी रचनेच्या इतकी जवळची आहेत की, इंग्रजीतून जाणे म्हणजे विक्रोळीहून घाटकोपरला ठाण्यामार्गे जाण्यासारखे आहे.

संयुक्त क्रियापदांत हे साम्य थक्क करणारे आहे. ‘मिरु’ म्हणजे पाहणे; ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘मोत्ते कुरु’ आणि ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन येणे आणि घेऊन जाणे. ‘शिमाउ’चे दोन अर्थ, काम उरकल्याचा आणि नको ते घडून गेल्याचा, इंग्रजी कोश दोन वेगवेगळ्या स्पष्टीकरणांनी देतात. मराठीत ‘वाचून टाकले’ आणि ‘पैसे घालवून बसलो’ या दोन प्रयोगांत ते सहज सामावतात. इंग्रजी कोशकाराला ‘आगाऊ तयारी म्हणून करणे’ किंवा ‘परिणाम काय होतो हे पाहण्यासाठी करणे’ अशी लांबलचक वर्णने द्यावी लागतात, याचा दोष त्याच्याकडे नाही; इंग्रजीत ती रचनाच नाही. दोष आहे तो मराठी विद्यार्थ्याला त्या वर्णनाचा उलट अनुवाद करायला लावणाऱ्या अध्यापनपद्धतीचा.

ध्वन्यनुकारी शब्दांबाबतही हेच. ‘पिकापिका’ म्हणजे चकचकीत, ‘त्सुरुत्सुरु’ म्हणजे गुळगुळीत, ‘दोकिदोकि’ म्हणजे छाती धडधडणे, ‘झाऽझाऽ’ म्हणजे पाऊस धो धो कोसळणे, ‘शितोशितो’ म्हणजे रिपरिप. जुलैतल्या मुंबईत राहणाऱ्याला पावसाचे हे भेद इंग्रजीतून समजावून घ्यावे लागावेत, हा प्रकार विनोदी म्हणावा की खेदजनक, हे ठरवणे कठीण आहे. नातेवाचक शब्दांत ‘ओनीसान’ आणि ‘ओनेसान’ यांना ‘दादा’ आणि ‘ताई’ हे नेमके प्रतिशब्द आहेत. अनोळखी तरुणाला अथवा तरुणीला हाक मारण्यासाठी त्यांचा होणारा वापरही समान आहे. इंग्रजी कोशात ‘वडील बंधू’ या अर्थाचे दोन शब्द मिळतात आणि हाक मारण्याची सारी उब त्यातून गळून जाते. कपडे घालण्याच्या क्रियेसाठी जपानीत ‘किरु’, ‘हाकु’, ‘काबुरु’, ‘काकेरु’ असे अवयवानुसार वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत सर्वांना एकच क्रियापद पुरते. मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, चष्मा लावतात. भेदाची रेषा वेगळ्या ठिकाणी असली तरी भेद करण्याची सवय अंगवळणी पडलेली आहे.

अर्थात साम्याचा मोह आवरावा लागतो. मराठीतले एकच ‘देणे’ जपानीत ‘आगेरु’ आणि ‘कुरेरु’ असे दिशेनुसार दुभंगते. ‘असणे’ हे सजीवांसाठी ‘इरु’ आणि निर्जीवांसाठी ‘आरु’ होते. ‘करून देणे’ या मराठी प्रयोगावर विसंबून ‘आगेरु’ वापरणारा विद्यार्थी वरिष्ठांशी बोलताना उपकारकर्त्याचा आव आणून बसतो, आणि जपानी रुग्णालयात वृद्धांची शुश्रूषा करू पाहणाऱ्याला ही चूक महागात पडू शकते. चांगल्या मराठी साधनाने अशा जागी धोक्याची खूण करायला हवी. इंग्रजी कोश ती खूण करत नाही, कारण मराठी विद्यार्थी कोठे घसरेल हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही.

शब्दयाद्या, पत्ते आणि परीक्षा

भ्रमणध्वनीवरील असंख्य उपयोजने ‘एन-५ चे सर्व शब्द’, ‘एन-४ ची संपूर्ण कांजी’ अशा मथळ्यांनी विकली जातात. अध्यापकांनी या दाव्यांकडे साशंकतेने पाहावे. १९८४ पासून चालत आलेल्या प्राविण्य परीक्षेच्या चार पातळ्या होत्या आणि त्यांसाठी अधिकृत निकषपुस्तिका प्रसिद्ध होत असे. चौथ्या पातळीला सुमारे ८०० शब्द व १०० कांजी, तिसरीला सुमारे १,५०० शब्द व ३०० कांजी, असे प्रमाण त्यात नमूद होते. २०१० मध्ये परीक्षेची पुनर्रचना होऊन पाच पातळ्या झाल्या आणि तेव्हापासून शब्दांची व कांजीची अधिकृत यादी देणे आयोजकांनी थांबवले. म्हणून आज बाजारात असलेली प्रत्येक यादी ही जुन्या यादीची पुनर्मांडणी अथवा संकलकाचा अंदाज होय. अंदाज वाईट असतोच असे नाही. पण विद्यार्थ्याला तो नियम म्हणून विकला जाऊ नये.

स्मरणासाठीच्या साधनांत ‘अंकी’चे स्थान आज मध्यवर्ती आहे. विसरण्याच्या बेतात असतानाच पत्ता पुन्हा समोर आणण्याची कल्पना १९७० च्या दशकातील लाइटनर यांच्या पेट्यांपर्यंत मागे जाते. २००६ मध्ये आलेल्या ‘अंकी’ने ती संगणकावर विनामूल्य आणली. अँड्रॉइडवरही ती विनामूल्य आहे. आयफोनसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्या कोणीतरी बनवलेले तयार गठ्ठे उतरवून घेतात, आणि त्यांत एका बाजूला जपानी शब्द, दुसऱ्या बाजूला एक इंग्रजी शब्द असतो. वर वर्णन केलेल्या साऱ्या अडचणी अशा पत्त्यावर एकवटतात, शिवाय रोज पन्नास वेळा घोकल्याने पक्क्या होतात. वास्तविक ‘अंकी’चे खरे सामर्थ्य दुसऱ्या बाजूला मराठी वाक्य लिहिता येण्यात आहे. ‘सुकि’पुढे ‘आवडणे’ एवढे लिहूनही भागत नाही. ‘मला ... आवडते’ असा साचा लिहिला, तर ‘गा’ आपोआप समजतो.

यांत्रिक अनुवादाविषयी थोडक्यात. गूगलच्या अनुवादसेवेत मराठी २०१३ मध्ये आली. जपानी आणि मराठी यांच्यातील समांतर मजकूर अत्यल्प असल्यामुळे अशा यंत्रणांत इंग्रजीची छाया पडणे अटळ असते. ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘तू’ यांतील निवड किंवा जपानी आदरार्थी क्रियारूपे त्या छायेत हरवतात. अलीकडील संवादी कृत्रिम बुद्धिमत्ता-प्रणाली मराठीत ओघवते स्पष्टीकरण देतात हे खरे; तथापि कोशाच्या नोंदीमागे संपादक असतो, आवृत्ती असते, चूक दाखवता येते. प्रणालीच्या उत्तरामागे यांपैकी काही नसते. शिक्षकाच्या हातचे साधन म्हणून तिचा उपयोग व्हावा, प्रारंभिक विद्यार्थ्याचा एकमेव कोश म्हणून नव्हे.

मुक्त कोश आणि मराठीची जागा

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला ‘एडिक्ट’ आणि त्यातून विकसित झालेला ‘जेएमडिक्ट’ हा या क्षेत्रातील सर्वांत उदार प्रकल्प होय. त्यात आज दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि बहुतेक विनामूल्य जपानी उपयोजनांच्या पोटात हाच कोश दडलेला असतो. पाच उपयोजने उतरवून पाच कोश मिळाल्याचा आनंद मानणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगण्याची गरज आहे. ‘जेएमडिक्ट’मध्ये इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, स्पॅनिश, स्वीडिश, हंगेरियन आणि स्लोव्हेनियन भाषांतील अर्थही जोडलेले आहेत. मराठी त्यात नाही. स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे २१ लाख. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक.

स्लोव्हेनियन तेथे कशी पोहोचली, हे पाहण्यासारखे आहे. लुब्लियाना विद्यापीठातील जपानी विभागाच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्गात वापरण्यासाठी केलेल्या शब्दसूची एकत्र करून २००० च्या दशकात ‘जास्लो’ हा जपानी–स्लोव्हेनियन अध्येताकोश उभा केला. त्यामागे मोठे प्रकाशनगृह नव्हते. वर्गातील वह्या होत्या, आणि त्या एका ठरावीक आराखड्यात भरण्याची शिस्त होती.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी सामग्री विखुरलेली आहे. विक्रोळीला लागूनच असलेल्या पवईत भारतीय तंत्रज्ञान संस्थेने हिंदी आणि त्यावर आधारित मराठी शब्दजाल विकसित केले आहे; जपानी शब्दजाल २००९ मध्ये जपानच्या राष्ट्रीय माहिती व दळणवळण तंत्रज्ञान संस्थेने प्रसिद्ध केले. दोन्ही शब्दजाले प्रिन्स्टनच्या मूळ इंग्रजी शब्दजालाशी अर्थसंचांच्या पातळीवर जोडता येतात. त्यातून जपानी–मराठी प्रतिशब्दांचा कच्चा आराखडा यंत्राने काढता येईल. परंतु ‘ओकु’ आणि ‘ठेवून देणे’ यांतील नाते अर्थसंचांच्या जोडणीतून निघत नाही. तेथे माणूसच हवा.

एखाद्या महाविद्यालयाला इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर निधी खर्च करायचा असेल, तर दहा यंत्रांऐवजी एक घ्यावे, तेही कान-उच्चार आणि ध्वनिमुद्रण असलेले, आणि ते अध्यापकाच्या टेबलावर ठेवावे. उरलेल्या निधीतून पहिल्या वर्षाच्या ८०० शब्दांची मराठी शब्दसूची करावी. प्रत्येक नोंदीत कानातील रूप, कांजी, अवग्रहयुक्त देवनागरी उच्चार, मराठी वाक्याचा साचा, आणि मराठीमुळे चूक होण्याची शक्यता असेल तेथे एक खूण, एवढे रकाने पुरेत. साध्या तक्त्याच्या स्वरूपात ठेवलेली अशी सूची ‘अंकी’त थेट घेता येते. तिची तपासणी पुण्यातील जपानी विभागांत मराठीतून विचार करणाऱ्या अध्यापकांकडून करून घ्यावी. ‘जेएमडिक्ट’च्या परवान्यानुसार त्यातील नोंदी वापरून केलेली सूची श्रेयनिर्देशासह त्याच अटींवर इतरांसाठी खुली ठेवावी लागते. ही अट येथे अडचण न ठरता सोय ठरते, कारण मुलुंडच्या महाविद्यालयाने केलेली दुसऱ्या वर्षाची सूची विक्रोळीच्या पहिल्या वर्षाच्या सूचीला परवानगीचा पत्रव्यवहार न करता जोडता येते.